पणजोबांचे वडील झिपरू की नथू? यावल तालुका, १९२० आधीचे कागद

सातपुड्याखाली

राम राम मंडळी. यावल तालुक्यातलं लेवा पाटील घर आहे. वंशावळ पणजोबा तोताराम यांच्यापर्यंत कागदोपत्री पक्की आहे, पुढे त्यांच्या बापाच्या नावापाशी अडली आहे. दगडूचे दोन मुलगे, झिपरू आणि नथू. तोताराम यांतल्या कोणाचा, यावर कागदांचंच एकमत नाही.

गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, १९०४ साली, "तोताराम नथू, जात लेवे कुणबी", जन्मसाल १८९७. सर्वे नंबर ४१ च्या १९१६ च्या फेरफारात "तोताराम वलद झिपरू", म्हणजे झिपरूचा मुलगा. वंशावळी लिहिणाऱ्या भाटाच्या वहीतून उतरवून घेतलेल्या कागदावर नथूखाली तीन मुलगे, त्यात तोताराम शेवटचा. झिपरूखाली काहीच नाही. १९५४ च्या मृत्यू नोंदीत "तोताराम झिपरू पाटील, वय ६०". झिपरू नावाच्या माणसाची १९०० ची मृत्यू नोंदही सापडली आहे, वय ४०, पण त्या काळात गावात दुसरा एक झिपरू होता आणि तोही लेवाच.

घरात दोन गोष्टी सांगतात. एक, छप्पन्नच्या दुष्काळात झिपरू गेला आणि काकाने पोरगा वाढवला. दुसरी, तोताराम दत्तक गेले होते. दत्तकपत्र कुठे नाही. फेरफार मोडीत आहे, मला अर्धामुर्धा लागतो. पुढे कोणता कागद काढला तर हे सुटेल? आणि आम्ही गुजरातेतल्या पावागडहून आलो असं म्हणतात, तिथपर्यंत दोर लावता येईल का?

निवृत्त_तलाठी

भाऊ, १९१६ चा फेरफार हा तुमचा शेवटचा कागद आहे, पहिला नाही. पहिला काढा. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेत घेतली गेली. त्या सुरुवातीच्या काळातली क, ड, ई पत्रकं, ज्याला आपल्याकडे सरसकट "कडई पत्रक" म्हणतात, ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. सर्वे नंबर ४१ ची नोंदणीतली अगदी पहिली ओळ कोणाच्या नावाने आहे, यावर तुमचा अर्धा निकाल आहे.

आता ती ओळ कशी वाचायची ते सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. नावापुढे "अ.पा.क." असेल तर ते अज्ञान पालन कर्ता. "तोताराम वलद झिपरू, अ.पा.क. नथू वलद दगडू" अशी ओळ असेल तर मालक पोरगा, नथू फक्त सांभाळणारा. नक्कल उतरवताना किंवा टाइप करताना ही तीन अक्षरं गळतात आणि नथू एक तर मालक होतो, नाही तर बाप. "ए.कु.मॅ." असेल तर एकत्र कुटुंब मॅनेजर; तिथे थोरल्याचं एकट्याचं नाव दिसतं आणि बाकीचे भाऊ त्याच्या पोटात असतात. त्यावरून "याला भाऊच नव्हता" असा अर्थ काढायचा नाही. आणि "वगैरे ३" असं असेल तर बाकीची नावं मागच्या पानावर किंवा फेरफारात शोधायची.

तुमच्या बाबतीत मला तिसरी शक्यता जास्त महत्त्वाची वाटते: पहिल्या ओळीत झिपरूच्या बायकोचं नाव. ते असेल तर "कोम झिपरू" किंवा "भ्रतार झिपरू" असं लिहिलेलं असेल. असं नाव एकटं उभं असेल तर त्याला फार अर्थ आहे. १९३७ चा स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा येईपर्यंत मुलगा हयात असताना विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वारसा मिळत नव्हता, मुलाच्या घरात पोटगी आणि राहणं एवढंच. म्हणजे १९३७ पूर्वी विधवा स्वतःच्या हक्काने खातेदार दिसत असेल, तर त्या वेळी महसूल खात्याच्या लेखी झिपरूला मुलगा नव्हता. तोताराम तेव्हा दहा-पंधरा वर्षांचा जिवंत पोरगा होता. तो झिपरूचा पोटचा असता तर जमीन त्याच्या नावाने लागली असती आणि आई नाही तर काका "अ.पा.क." म्हणून आला असता.

यातून आणखी एक गोष्ट कळते. भाऊ एकत्र असताना झिपरू वारला असता तर हिस्सा उरलेल्या भावाकडे, म्हणजे नथूकडे गेला असता. विधवेचं नाव लागलं असेल तर वाटण्या आधीच झालेल्या होत्या.

१९१६ च्या फेरफारात मला दोन गोष्टी वाचून हव्यात: कोणाचं नाव कमी केलं, आणि कारण काय दिलं. "सज्ञान झाल्यावरून" असेल तर १८७५ च्या कायद्याने वय १८, म्हणजे जन्म १८९८ किंवा त्याआधीचा. तुमच्या शाळेच्या १८९७ शी ते जुळतं. पालक कोर्टाने नेमलेला असेल तर मात्र सज्ञान वय २१ धरायचं. "दत्तक" शब्द असेल तर प्रश्नच मिटला. फेरफाराखालचा तपासणी शेरा आणि साक्षीदारांच्या सह्या-अंगठेही उतरवा. घरचं माणूस कोण हजर होतं ते तिथे दिसतं.

त्यानंतर नथू वारल्याचा वारस फेरफार काढा. तोताराम त्यात नाही आणि बाकीचे दोन मुलगे आहेत, एवढ्यावरून काही ठरत नाही, हे लक्षात ठेवा. पुतण्या असला तरी तो त्यात नसणार आणि दत्तक गेलेला मुलगा असला तरी नसणार. पण तो त्यात *असेल* तर दत्तकाची गोष्ट कोसळते. म्हणून तो कागद पाहायचाच.

मोडी_धुळे

वरच्या उत्तराला धरून जन्म-मृत्यूचं सांगतो.

गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव शोधू नका. बहुतेक वेळा "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच असतं, कारण वर्दी बारशाआधी जाते. तारीख, बापाचं नाव, जात, लिंग एवढ्यावर ओळख पटवावी लागते. १८९७ हे साल शाळेचं आहे. शाळेत अंदाजे लिहिलेलं असतं. १८९३ ते १८९९ पूर्ण पाहा आणि "नथू" व "झिपरू" या दोन्ही नावांवरचे सगळे जन्म एका कागदावर काढा. नथूची आधीची दोन मुलं कधीची आहेत ते कळलं की तिसऱ्याला जागा आहे का तेही कळेल. दोन जन्मांत सात-आठ महिन्यांचंच अंतर निघालं तर त्यातला एक बहुधा दुसऱ्या नथूचा.

गावात नोंद नाही सापडली तर आईच्या माहेरी पाहा. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी होतं आणि वर्दी तिथल्या कोतवालाने दिलेली असते. सासरच्या गावात ती दुसऱ्यांदा लागत नाही. माहेरचं गाव माहीत नसेल तर पुढे कोणी भाटाबद्दल सांगेलच. वहीत सुनांची माहेरं असतात. माहेर बऱ्हाणपूरकडचं निघालं तर ते मध्यप्रांतात मोडत होतं, तिथली दप्तराची पद्धत वेगळी, मिसल बंदोबस्तापासून, म्हणजे तिथल्या जुन्या जमीन-नोंदीपासून सुरू करावं लागतं.

१९०० ची झिपरूची नोंद: "वय ४०" वर काही बांधू नका. मृत्यूच्या नोंदीत वयं ३०, ४०, ५०, ६० अशी गोल असतात. तोतारामचं "६०" सुद्धा तसंच. दुसऱ्या झिपरूपासून वेगळं करायला वय नव्हे, जमीन वापरा. दोन्ही झिपरूंचे सर्वे नंबर वेगळे काढा. दुसऱ्या झिपरूचं नाव १९०० नंतरच्या कोणत्याही पत्रकात जिवंत खातेदार म्हणून दिसलं, तर १९०० चा मेलेला तुमचा. झिपरू, दगडू, सुपडू, भिका, उकर्डू ही नावं आपल्याकडे आधीची पोरं दगावल्यावर ठेवतात, त्यामुळे एका पिढीत एका गावात चार-चार सापडतात. नावावर विसंबून जोडलेली वंशावळ इथेच फुटते.

मोडीबद्दल: ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तिथे पाळलेला नसतो, त्यामुळे "नथू/नथु" वर वेळ घालवू नका. शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग असते. आधी त्याच कारकुनाच्या हातची दोन-तीन पानं वाचून त्याची अक्षरं ओळखून घ्या आणि मगच आपलं पान. एकट्या ओळीचा फोटो पाठवून "हे काय लिहिलंय" विचारलं की जाणकारही चुकतो. रकान्यांची शीर्षकं, आधीची नोंद, नंतरची नोंद, सगळं एका फोटोत घ्या.

जिल्ह्याचंही ध्यानात असू द्या. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा, ठाणं धुळे. त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले आणि यावल पूर्वेकडे, जळगावाखाली आलं. त्यामुळे १९०६ आधीचा जिल्हा पातळीवरचा कागद जळगावात नाही म्हटलं तर धुळ्यालाही विचारायचं. तालुक्याचं दप्तर मात्र तालुक्यातच.

"आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर गाव असेल तर जुने फेरफार घरबसल्या दिसतात, पण स्कॅन करताना पानं मागेपुढे झालेली आणि फाइलला चुकीचं साल दिलेलं असं सर्रास असतं. नाही सापडलं म्हणजे नाही, असं धरू नका.

सातपुड्याखाली

दोघांचे आभार. सर्वे नंबर ४१ चा आता गट झाला आहे आणि गटात आमच्याशिवाय दुसऱ्या भाऊबंदांची जमीनही आहे. मागे कसं जायचं? आणि भाटाच्या वहीला किती वजन द्यायचं? तिथे तर सरळ नथूच लिहिलं आहे.

निवृत्त_तलाठी

१९४७ च्या कायद्याप्रमाणे एकत्रीकरण झालं तेव्हा सर्वे नंबर जाऊन गट आले. उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्याकडे एकत्रीकरणाचा जबाब मागा. कोणत्या सर्वे नंबरचा कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला ते त्यात असतं. तो घेऊन तहसीलला जा. जुन्या सर्वे नंबरशिवाय रेकॉर्ड रूममध्ये कोणी पान काढून देणार नाही, आणि खरं तर देऊही शकणार नाही. त्याच कार्यालयात प्रतिबुक, पक्का बुक, शेतवार पत्रक आहेत का विचारा. खानदेशात इंग्रजी मोजणी १८५२ नंतर सुरू झाली, तेव्हाचा खातेदार त्यात मिळतो. दगडूच्या बापाचं नाव मिळायचं तर तिथेच. त्या काळी एका खात्याला एकच नाव, बहुतेक थोरल्याचं.

अर्जात "माझ्या पणजोबांची माहिती द्यावी" असं लिहू नका. गाव, सर्वे नंबर, नमुना, साल, आणि "रकान्यांच्या शीर्षकासह दोन्ही बाजूंची नक्कल" असं लिहा.

तापीकाठ

भाटाच्या वहीचं मी सांगते. वही खोटी नसते, पण ती एका कामासाठी लिहिलेली असते: कूळ, शाखा आणि सोयरीक नीट राहावी म्हणून. भाट येतो, जो घरचा कर्ता शिधा आणि बिदागी देतो त्याच्या तोंडून नावं लिहून घेतो. म्हणून पहिला प्रश्न हा की ती ओळ कोणत्या फेरीत आणि कोणाच्या घरी लिहिली. तोतारामचं नाव नथूच्या हयातीत, लहानपणी चढलं असेल तर ते "नथूखाली" येणं दोन कारणांनी होऊ शकतं: तो नथूचा पोरगा होता, किंवा नथूच्या घरात वाढत होता. उतारा नको, मूळ पान पाहा. तीन नावं एकाच शाईत, एकाच हातची आहेत की तिसरं मागाहून घुसवलं आहे? झिपरूच्या नावापुढे "निर्वंश" किंवा तसली काही खूण आहे का? पुढच्या फेरीतल्या पानावर तोतारामचं लग्न कोणाच्या नावाखाली नोंदलं आहे? दत्तक गेलेला असेल तर पहिल्या पानावर एका घरात आणि पुढच्या पानावर दुसऱ्या घरात दिसतो.

साल बदलताना घोळ होतो. गुजरातकडचे भाट विक्रम संवत कार्तिकापासून मोजतात. कार्तिक ते डिसेंबरअखेरच्या नोंदीतून ५७ वजा करा, जानेवारी ते आश्विनच्या नोंदीतून ५६. शके असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. तुमचा "छप्पन्नचा दुष्काळ" म्हणजे संवत १९५६, इसवी १८९९-१९००. झिपरूची १९०० ची नोंद त्याच्याशी जुळते खरी, पण त्या वर्षी गावोगाव इतकी माणसं गेली की नुसतं साल जुळणं हा पुरावा धरता येत नाही.

कागदाबाहेरचा एक पुरावा आपल्याकडे आहे आणि तो कोणी मागत नाही. कानबाईचे रोट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा घरातल्या पुरुषांच्या संख्येवर सव्वा मुठीच्या हिशोबाने धान्य घेतात आणि ते रोट भाऊबंदकीतच खाल्ले जातात, बाहेर देत नाहीत. तुमच्या घरात कानबाई असेल तर रोटाला कोणती घरं एकत्र येतात आणि पूर्वी कोणती येत होती, ते थोरल्या बायकांना विचारा. पुरुष वाटण्या सांगतात, रोट कोणाकडे जातो ते बायकांना ठाऊक असतं. दुसऱ्या झिपरूच्या वंशातलं घर त्यात नसेल, आणि तुम्ही एकमेकांचं दहा दिवसांचं सुतकही धरत नसाल, तर तो झिपरू तुमच्या शाखेतला नाही. मात्र यातून झिपरू आणि नथू या दोन सख्ख्या भावांतला फरक कळणार नाही. दोघांची भाऊबंदकी एकच.

डीएनए चाचणीचा विचार कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहिते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन सख्ख्या भावांच्या वंशात सारखीच येणार. दुसऱ्या झिपरूला बाद करायला ती चालेल, या प्रश्नाला नाही. बाकीच्या गुणसूत्रांची चाचणी चुलत-मावस नात्यांपुरती बरी. चार-पाच पिढ्या मागे, त्यात आपल्यासारख्या आपसातच सोयरिकी करणाऱ्या समाजात, सगळेच थोडेथोडे जुळतात आणि नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं. पैसे नक्कलेला घाला.

पिंपळनेरचा

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात गेलेल्या जर्मन घराण्यांचा शोध घेणारे नेमके इथेच अडतात, आणि त्यांची रीत इथे उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

१७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मनांकडून राजनिष्ठेची शपथ घेऊन सह्या घेत. पण त्या याद्या सोळा वर्षांवरच्या पुरुषांच्या. बायका आणि लहान पोरं त्यात नाहीत. म्हणजे यादीत दोन सारख्या नावाचे पुरुष असले आणि वीस वर्षांनी तिसरा तसाच माणूस जमीन घेताना दिसला, तर तो कोणाचा पोरगा ते यादी सांगत नाही. त्यात बऱ्याच पुरुषांच्या नावात पुढे योहान. घरात हाक मारायचं नाव दुसरं. योहान याकोबला सगळे याकोब म्हणणार. दप्तरात कधी एक, कधी दुसरं. नावापुढे "थोरला", "धाकटा" लिहिलेलं असलं तरी ते बापलेक असतील असं नाही. चुलता-पुतण्या असू शकतात, किंवा नात्यात नसलेले शेजारी. थोरला मेला की धाकट्याच्या नावाची खूण गळते आणि शंभर वर्षांनी वाचणारा दोघांना एक करून टाकतो. तुमच्या दोन झिपरूंचं दप्तरात असं काही झालं आहे का, तेवढं पाहा.

ते लोक मग काय करतात? बापाचं नाव शोधणं सोडून त्या माणसाच्या आजूबाजूची माणसं गोळा करतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पोराच्या आईबापाबरोबर धर्ममाता-धर्मपित्याचं नाव असतं, आणि ते बहुधा आईबापाचे भाऊ-बहीण किंवा जवळचे असतात. जमिनीच्या कागदावर साक्षीदार कोण, शेजारचा बांध कोणाचा, मृत्युपत्राची यादी करायला कोण आलं, अनाथ पोरांच्या कोर्टात पालक कोण नेमला. एक नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागलं की नातं तिथे असतं. तुमच्याकडे बाप्तिस्मा नाही, पण चतुःसीमा आहे, फेरफारावरचे साक्षीदार आहेत, गहाणखतावरचा जामीन आहे. सर्वे नंबर ४१ च्या चारी बाजूंचे खातेदार १९१० च्या सुमाराचे काढून पाहा. नथूचा नंबर त्याला लागून असेल तर मूळ एकाच खात्याचे ते दोन तुकडे.

पावागडचं: तिकडेही शहाणा माणूस मूळ गावाचं नाव हातात आल्याशिवाय समुद्र ओलांडत नाही. "पॅलाटिनेटहून आले" एवढ्या माहितीवर जर्मनीतल्या चर्चच्या वह्या उघडल्या तर सारख्या नावाचे पन्नास जण सापडतात आणि त्यातला आवडेल तो पूर्वज होतो. चांपानेर-पावागड महमूद बेगड्याने घेतलं १४८४ मध्ये. तुमचा सगळ्यात जुना कागद लागला तर १८५० च्या आसपासचा लागेल. मधली साडेतीनशे वर्षं नुसती वहीच्या भरवशावर आहेत. ती परंपरा म्हणून वेगळी लिहून ठेवा, दगडूच्या वर रेघ मारून जोडू नका.

सातपुड्याखाली

नकला हातात आल्या. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतल्या, तशाच देतो.

हक्कनोंदणीची पहिली ओळ, सर्वे नंबर ४१: "सखू कोम झिपरू". बाकी काही नाही. अ.पा.क. नाही, वगैरे नाही. दुसऱ्या झिपरूचा नंबर वेगळा, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच पत्रकात तो स्वतः खातेदार आहे. ४१ च्या उत्तरेला लागून नथू वलद दगडू.

१९१६: "सखू कोम झिपरू हिचे नाव कमी करून तोताराम वलद झिपरू याचे नाव दाखल." कारणाच्या जागी कागद वाळवीने खाल्ला आहे. "द" हे पहिलं अक्षर दिसतं. ते "दत्तक" ही असेल, "दस्त" ही असेल. साक्षीत नथू वलद दगडू, अंगठा.

नथूचा वारस फेरफार १९२३ चा. दोन मुलगे. तोताराम नाही.

निवृत्त_तलाठी

दुसरा झिपरू यातून गेला. १९०० चा मेलेला तुमचाच.

आता "द". दस्त धरून पाहू, म्हणजे सखूने जमीन तोतारामला विकली किंवा बक्षीस दिली. पण मग त्याला "वलद झिपरू" लिहिण्याचं कारण नव्हतं. विकत घेणारा आपल्या बापाच्याच नावाने लागतो, "तोताराम वलद नथू" झाला असता. शिवाय विधवेचा हक्क त्या काळी मर्यादित होता, कारण असल्याशिवाय तिला जमीन कायमची देता येत नव्हती. ती मेल्यावर जमीन ज्याच्याकडे जाणार होती तो नथू, आणि तोच अंगठा देऊन उभा आहे. हे चित्र दत्तकाचं आहे.

पोटचा असण्याची बाजूही तपासली पाहिजे. सखूचं नाव एकटं, अ.पा.क. शिवाय. तोताराम तेव्हा हयात, शाळेत घातलेला, "तोताराम नथू" म्हणून. मुलगा असलेल्या विधवेचं नाव असं लागत नाही. एखाद्या तलाठ्याने आईचं नाव चुकून मालक म्हणून लावलं असेल का? होऊ शकतं. पण मग शाळा, भाट आणि तलाठी तिघांनी एकाच दिशेने चूक केली असं म्हणावं लागेल.

सखूने पाट लावला असता तर? १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जातो. १९१६ पर्यंत नाव टिकलं आहे, म्हणजे ती झिपरूचीच विधवा म्हणून राहिली. त्यामुळे दुसऱ्या नवऱ्याचं मूल वगैरे फाटाही बंद.

मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची आगाऊ परवानगी नसली तरी दत्तक घेता येत होतं, आणि दत्तक सज्ञान असला तरी चालत होता. दत्तक झाला की तो मेलेल्या नवऱ्याचा मुलगा ठरतो आणि विधवेच्या हातची मिळकत त्याच्याकडे जाते. म्हणूनच नाव "कमी करून" दुसरं दाखल. मात्र १९१६ हे नोंदीचं साल आहे, दत्तकाचं नव्हे. दत्तक पाच वर्षं आधी झाला असेल आणि पोरगा मोठा झाल्यावर वर्दी दिली असेल. वंशावळीत "१९१६ पूर्वी किंवा १९१६ मध्ये दत्तक" असं लिहा.

दत्तकपत्र नाही याने बिघडत नाही. तेव्हा देणं-घेणं पंचांसमोर झालं की पुरे, लेख लागत नव्हता. तरी दुय्यम निबंधकाकडे एकदा पाहा. जमिनीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात; ते आणि त्याच्या सूच्या कोणालाही पाहता येतात. मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र क्रमांक ३ मध्ये, आणि जमिनीचा उल्लेख नसलेला दत्तकलेख क्रमांक ४ मध्ये. ३ ची नक्कल दस्त करणारा हयात असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, तो वारल्यावर मागेल त्याला. ४ ची मात्र दस्त करणाऱ्याला, त्याखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीलाच मिळते. तुम्ही तोतारामचे वारस आहात, ते दाखवणारे उतारे जोडून अर्ज करा. १९१० ते १९१६ एवढीच वर्षं मागा. आधी क्रमांक १ ची सूची सखूच्या आणि तोतारामच्या नावाने पाहा. तिथे विक्री किंवा बक्षीसपत्र निघालं तर वरचं सगळं मी मागे घेतो.

मोडी_धुळे

त्या "द" चा फोटो मागून उजेड टाकून घ्या, म्हणजे कागदाखाली मोबाइलची बॅटरी. वाळवीने वरचा थर खाल्ला असला तरी शाई कधी खालच्या थरात उतरलेली असते. "त्त" आणि "स्त" मोडीत वेगळे दिसतात, अर्धं अक्षर मिळालं तरी सांगता येईल. आणि गावाची त्याच वर्षाची फेरफारांची पुढची-मागची पानं पाहा. तोच कारकून इतर ठिकाणी "दत्तक" कसा लिहितो ते दिसलं की ताडून बघता येतं.

नथूच्या नावावरचा १८९३ ते १८९९ मधला तिसरा जन्म अजून राहिला आहे. तो मिळाला तर तारखेसह पक्कं होईल.

तापीकाठ

आणि वंशावळ काढताना तोतारामला दोन्ही घरांत दाखवा. नथूखाली जन्माने, झिपरूखाली दत्तकाने, तुटक रेघ. एकाच ठिकाणी लिहिलं तर पुढचा कोणी शाळेचं रजिस्टर काढून हेच भांडण पुन्हा सुरू करेल.

जात पडताळणीसाठी हे करत असाल तर एवढं खोल जायची गरज नाही. लेवा पाटील इतर मागास वर्गात आहेत, तिथे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तोतारामची १९०४ ची "लेवे कुणबी" नोंद आणि त्यांच्यापासून तुमच्यापर्यंतची साखळी पुरते. फक्त अर्जातल्या वंशावळीत आणि प्रतिज्ञापत्रात दत्तकाचा उल्लेख आधीच करा. शाळेत बाप नथू आणि सातबाऱ्यावर झिपरू हे दक्षता पथकाला दिसणारच, आणि त्यांनी विचारल्यावर सांगितलं की प्रकरण लांबतं.

सातपुड्याखाली

निबंधकाकडे क्रमांक १ च्या सूचीचा अर्ज देतो, आणि नमुना १४ साठी नथूच्या बायकोचं माहेर आधी भाटाच्या मूळ पानावरून काढतो. "द" चा उजेडातला फोटो मिळाला की इथेच टाकतो.